‘पाठ खाजवायला घरात माणूस पुरत नाही’
वाचकांचे प्रश्न : किडनीचा आजार आणि खाज

मागच्या अंकात या सदरात डायलिसिसवरच्या रुग्णांच्या पाण्याच्या हिशोबाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पाण्याबद्दल दोन-तीनच प्रश्न निघाले. बाकी सगळी पत्रं खाजेची. वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि सूज यांतच डॉक्टरांची भेट उरकते, आणि अंग खाजतं म्हणून झोप नाही हे सांगायचं राहून जातं. काहींना ते सांगण्याइतकं महत्त्वाचं वाटत नाही. पत्रं आटोपशीर करून, नावं वगळून देत आहोत.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. पाच-सहा महिने झाले, पाठ, दंड आणि पोटऱ्या खाजतात, रात्री तर फारच. अंगावर पुरळ काही नाही, फक्त ओरखडे आणि काळे डाग. पाठ खाजवायला घरात माणूस पुरत नाही. रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासतात. शेजारी म्हणतात, रक्तात घाण साठलीय. हे खरं का? (सांगली)

उत्तर : शेजारी अर्धे बरोबर आहेत. किडनीने गाळायचे पदार्थ रक्तात राहतात हे खरं, पण त्यातला एखादाच पदार्थ खाज आणतो असं सापडलेलं नाही. युरियासारखे लहान रेणू डायलिसिसचं मशीन छान काढतं. मध्यम आकाराचे आणि प्रथिनांना चिकटलेले पदार्थ मात्र बरेचसे मागे राहतात. शरीरात सतत बारीक दाह चालू असतो, खाजेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा चाळवलेल्या असतात. आपल्या शरीरात अफूच्या जातीची काही रसायनंही तयार होतात. त्यांचा एक गट खाज वाढवतो, दुसरा दाबतो, आणि या आजारात तो तोल पहिल्या गटाकडे झुकतो. भरीला घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी आक्रसून कातडी कोरडी पडते. पुरळ नाही, दोन्ही बाजूंना सारखीच खाज, पाठ जास्त आणि रात्र वाईट, हे तुम्ही लिहिलेलं चित्र किडनीच्या खाजेचंच आहे. डायलिसिसवरच्या दर दहा जणांत साधारण चौघांना ती मध्यम किंवा तीव्र प्रमाणात असते, तेव्हा यजमानांचं काही जगावेगळं नाही.

उपचाराआधी दोन आठवडे नोंद ठेवा. रोज सकाळी त्यांना विचारा : गेल्या २४ तासांत खाज सर्वांत जास्त होती तेव्हा ० ते १० मध्ये किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा आणि डायलिसिसच्या दिवसाभोवती गोल करा. आकडा सतत चारच्या वर असेल तर औषधोपचाराबद्दल बोलायला हवं. सातच्या वर म्हणजे तीव्र. ही चौकट डॉक्टरांपुढे ठेवली की ‘थोडीफार खाज असतेच’ हे उत्तर मिळणं कठीण होतं. शिवाय आकड्यांचा कल बरंच सांगतो. दोन डायलिसिसमधल्या लांब खंडाच्या शेवटी आकडा चढत असेल तर डायलिसिस कमी पडतंय का, ते पाहायचं. आंघोळीनंतर चढत असेल तर कोरडेपणा. डायलिसिस सुरू होताच चढत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याबद्दल पुढे येईल.

डायलिसिस पुरेसं होतंय का, हे घरी कागदावर काढता येतं. महिन्याच्या रिपोर्टमध्ये डायलिसिसआधीचा आणि नंतरचा युरिया असतो. समजा आधी १४८ आणि नंतर ६२. वजाबाकी ८६. तिला १४८ ने भागून शंभराने गुणा, ५८ टक्के येतात. निदान ६५ टक्के हवेत. ५८ आले तर कारणं शोधायची : चार तासांचं डायलिसिस साडेतीन तासांत गुंडाळलं जातंय का, अलार्म वाजून मशीन थांबलं तो वेळ भरून काढतात का, फिश्चुला (सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) नीट चालत नाही म्हणून रक्ताचा वेग मिनिटाला ३०० मिलिऐवजी २०० वर ठेवलाय का. नंतरचा नमुना कसा घेतात तेही पाहा. पंपाचा वेग साधारण १०० मिलिपर्यंत उतरवून पंधरा सेकंद थांबून रक्त घ्यायचं असतं. घाईत पूर्ण वेगावर घेतलं तर कधी नुकतंच शुद्ध झालेलं रक्त नमुन्यात मिसळतं आणि रिपोर्ट आहे त्याहून चांगला दिसतो.

खरी मेख मात्र ‘दोनदा’ या शब्दात आहे. ६५ टक्क्यांचा निकष आठवड्यातून तीन वेळा होणाऱ्या डायलिसिससाठी ठरवलेला आहे. तीन वेळा चार तास म्हणजे आठवड्याचे बारा तास. तुमच्याकडे आठ होतात. लघवी अजून बऱ्यापैकी होत असेल तर दोनदा चालून जातं, लघवी बंद झाली असेल तर सहसा पुरत नाही. खर्चामुळे दोनदा करत असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं केंद्र बसतं का, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जवळच्या सरकारी रुग्णालयात जागा आहे का, याची चौकशी केंद्रातल्या आरोग्यमित्राकडे किंवा समाजसेवा विभागात करा. डायलिसिस अपुरं असेल तर ते पुरेसं झाल्यावर खाज कमी होताना दिसते. आधीच पुरेसं असेल, तर आणखी वाढवून हमखास फायदा होईल असं सांगता येत नाही.

प्रश्न : सासूबाई डायलिसिसवर आहेत. खाजेसाठी औषधाच्या दुकानातून लेव्होसेट्रिझिन आणते. आधी एक देत होते, आता दोन लागतात. त्याने खाज जात नाही, पण दिवसभर पेंगतात. चालू ठेवू का? (नाशिक)

उत्तर : बंद करा. अंगावर पित्त उठतं तेव्हा हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि या गोळ्या ते अडवतात. किडनीच्या खाजेत हिस्टामिनचा हात फारसा नसतो, म्हणून गोळी लागू पडत नाही. ‘लागतात’ असं जे वाटतं ते गुंगीमुळे. खाज तिथेच असते, माणूस पेंगतो.

लेव्होसेट्रिझिन किडनीवाटे बाहेर पडतं, आणि डायलिसिसवरच्या रुग्णांना ते देऊच नये असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. सेट्रिझिन दिलंच तर निम्म्या मात्रेत, म्हणजे ५ मिलिग्रॅम, तेही पित्त उठण्यासारखं खरं कारण असेल तर. अ‍ॅव्हिलसारख्या जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना रात्री भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं (मग पाणी जास्त प्यायलं जातं आणि वजन वाढतं), आणि बाथरूमला उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं तर खाज बरी होती म्हणायची वेळ येते.

प्रश्न : त्वचेच्या डॉक्टरांनी मॉइश्चरायझर लिहून दिलं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवून वापरली, काहीच फरक नाही. त्यापेक्षा खोबरेल बरं का? युरियाचं क्रीमही सुचवलं होतं, पण आधीच रक्तात युरिया जास्त, म्हणून घाबरून घेतलं नाही. (नागपूर)

उत्तर : ट्यूब महिनाभर पुरली यातच उत्तर आहे. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदा लावायला सुमारे ३० ग्रॅम लागतं. नियमित वापराला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम धरतात. तुमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी होती. अंदाजासाठी एक माप : तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून निघालेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला, पाऊल धरून, अशा आठ रेघा लागतात.

एवढं महागडं क्रीम कुणालाच परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. साधं पांढरं पेट्रोलियम जेली, किंवा ते आणि लिक्विड पॅराफिन समभाग एकत्र केलेलं मलम अर्धा किलोच्या डब्यात घ्या. सुवास नको, रंग नको, ‘हर्बल’ तर मुळीच नको. डब्यात बोटं घालू नका. धुऊन पुसलेल्या चमच्याने लागेल तेवढं वाटीत काढा. ओरखडे असलेल्या हातांनी डबा ढवळला की त्यात जंतू वाढतात, आणि तेच पुन्हा ओरखड्यांवर जातं.

खोबरेल चालेल, पण वेळ साधायला हवी. कोरड्या अंगावर तेल चोपडलं तर कोरडेपणावर झाकण बसतं, एवढंच. आंघोळीनंतर पंचाने अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओल असतानाच तीन मिनिटांत तेल किंवा मलम लावायचं. मग ती ओल कातडीत राहते. लव ज्या दिशेला असते त्याच दिशेने हात फिरवा, उलटं चोळलं की बारीक फोड येतात. दुसऱ्यांदा रात्री झोपण्यापूर्वी लावा, निदान पाठ, दंड आणि पोटऱ्यांना. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं.

आंघोळीचं पाणी कोमट हवं. विदर्भातल्या थंडीत कढत पाण्याचा मोह होतो, आणि कढत पाण्याखाली खाज दोन मिनिटं सुखावतेही, पण त्यानेच कातडीचं उरलंसुरलं तेल निघून जातं आणि तासाभराने दुप्पट खाजतं. पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटपा. साबण सौम्य, तोही काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच. वज्री, घासणी, डाळीचं पीठ, दिवाळीचं उटणं आणि जंतुनाशक साबण बाजूला ठेवा. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय असेल तर तीही सोडा.

युरियाच्या क्रीमची भीती अगदी समजण्यासारखी आहे, पण कातडीवर लावलेल्या युरियाने रक्तातला युरिया मोजण्याइतका वाढत नाही. त्याचं काम कातडीत पाणी धरून ठेवणं. १० टक्क्यांचं क्रीम खरखरीत पोटऱ्यांना छान लागू पडतं. ताज्या ओरखड्यांवर मात्र झणझणतं, तेव्हा ती जागा सोडून लावा.

तीन सावधानता. मलम लागलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, आणि धुऊनही तो अंश पूर्ण जात नाही. गॅसपाशी, देवघरातल्या निरांजनापाशी किंवा विडीकाडीपाशी तसे कपडे घालून जाऊ नका. तेलकट पायांनी ओल्या फरशीवर चालू नका. आणि डायलिसिसच्या दिवशी फिश्चुलाच्या हाताला काही लावायचं नाही. तो हात साबण-पाण्याने धुऊन जायचं, नाहीतर सुईच्या जागेची सफाई नीट होत नाही आणि पट्टीही चिकटत नाही.

‘पाणी कमी पितो म्हणून कातडी कोरडी’ असंही काहींनी लिहिलं आहे. लघवी कमी होणाऱ्या रुग्णाने पाणी वाढवलं तर ते कातडीकडे न जाता पायांत आणि फुप्फुसांत साठतं. ओल बाहेरूनच द्यायची.

प्रश्न : माझा फॉस्फरस ७.१ आला. डॉक्टर म्हणाले खाज त्यामुळेच. दूध, डाळी, भाकरी, सगळं सोडलं. गोळ्या रोज रात्री झोपताना न चुकता घेतो. तीन महिन्यांत फॉस्फरस ६.९. खाज तशीच. (ठाणे)

उत्तर : गोळ्या झोपताना घेता, तिथेच सगळं अडलंय. फॉस्फरसची गोळी ही रक्तावर काम करणारी गोळी नव्हे. ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. पोटात अन्न नसताना तिला धरायला काही नसतं. म्हणून ती पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर किंवा जेवणाच्या मध्यावर घ्यायची. जेवण नाही तर गोळी नाही. जेवण मोठं तर, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, जास्त. या गोळ्यांपैकी सेव्हेलामर अख्खी गिळायची, ती पाण्यात फुगते. लँथनमची चावायची गोळी नीट चावून बारीक करूनच गिळायची. कॅल्शियम अ‍ॅसिटेट असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासत राहायचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, कारण ही गोळी तिलाही धरून ठेवते. डबा ऑफिसला नेत असाल तर दुपारच्या गोळ्या डब्याच्या झाकणालाच चिकटवून न्या. सर्वांत जास्त चुकते ती दुपारचीच.

हिशोब मांडून पाहा. रोजच्या जेवणातून साधारण १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो, त्यातला ६०० च्या आसपास रक्तात उतरतो. आठवड्याचा झाला ४२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे ८०० निघतो, तीन वेळांत २४००. उरलेला गोळ्यांनी आणि जेवणाने भागवायचा.

जेवणात तुम्ही नको तिथे कात्री लावली आहे. ज्वारी-बाजरी आणि डाळींतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, आपल्या आतड्याला तो पुरता सोडवता येत नाही. त्यामानाने कारखान्यात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच रक्तात जातो. काळी कोला पेयं, चीजचे पातळ काप, फ्रोझन नगेट्स आणि सॉसेज, बेकिंग पावडर घातलेले केक आणि नानकटाई, ही खरी ठिकाणं. पुडक्यावर बारीक अक्षरांत फॉस्फेटचा क्रमांक, म्हणजे ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ यांतला आकडा दिसला की पुडकं परत ठेवा. सुकट आणि बोंबील काट्यांसकट खाल्ले जातात, त्यात फॉस्फरसही आहे आणि मीठही. अंड्याचा फॉस्फरस जवळपास सगळा पिवळ्यात असतो. पांढरा भाग खुशाल खा, डायलिसिसवर प्रथिनं हवीतच. डाळी सोडून स्नायू झडले तर ते नुकसान खाजेपेक्षा महागात पडेल. पोटॅशियमचं पथ्य वेगळं, तेवढं आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

फॉस्फरस ५.५ च्या खाली आणणं हाडांसाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी गरजेचं आहे, ते कराच. पण खाजेशी त्याचं नातं पूर्वी वाटत होतं तितकं सरळ नाही. फॉस्फरस पाचच्या आत असलेली माणसं रात्रभर खाजवतात, आणि आठ असलेली शांत झोपतात. तेव्हा ‘पथ्य पाळत नाही म्हणून खाजतं’ असं म्हणून रुग्णाला दोषी धरू नये. कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनचंही तसंच. फारच वाढलेलं असेल तर उपचार हवा, पण खाजेची खात्रीची किल्ली ते नाही.

प्रश्न : वडिलांना (वय ६७, डायलिसिस आठवड्यातून तीनदा) किडनीच्या डॉक्टरांनी खाजेसाठी गॅबापेंटिन दिलं. आठ दिवसांत खाज उतरली. नंतर पायांच्या मुंग्यांसाठी दुसरीकडे दाखवलं, तिथून ‘नसांच्या गोळ्या’ मिळाल्या. आता ते बोलता बोलता झोपतात, आणि हातातला चहाचा कप झटका येऊन सुटतो. डायलिसिसमुळे अशक्तपणा आला असेल का? (कोल्हापूर)

उत्तर : ‘नसांच्या गोळ्यां’ची पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं आजच वाचा. बाजारात मिथाइलकोबालामिनबरोबर ३०० मिलिग्रॅम गॅबापेंटिन, किंवा त्याच जातीचं प्रीगाबालिन, एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. नाव वेगळं असल्याने एकच औषध दोन ठिकाणांहून पोटात जातं. पेंगणं, जीभ जड होणं, तोल जाणं आणि हाताला अचानक झटका येऊन वस्तू सुटणं ही औषध जास्त झाल्याची खूण आहे. नवी गोळी देऊ नका आणि आजच डायलिसिस केंद्राला फोन करा. उठवूनही नीट जागे होत नसतील किंवा श्वास मंद वाटत असेल तर फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

असं होण्याचं कारण आकड्यांत आहे. धडधाकट माणसाच्या रक्तातलं निम्मं गॅबापेंटिन पाच ते सात तासांत लघवीवाटे निघून जातं. लघवी बंद झालेल्या माणसात, डायलिसिस नसलेल्या दिवशी, तेवढ्यालाच सुमारे १३२ तास लागतात, म्हणजे साडेपाच दिवस. डायलिसिस चालू असताना मात्र चार तासांत निम्मं निघतं. म्हणून हे औषध ‘रोज तीन वेळा’ घ्यायचं नसतं. डायलिसिस संपल्यावर १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, बस. आधी घेतलं तर मशीनच ते काढून टाकतं. गरज पडली तर डॉक्टर हळूहळू ३०० पर्यंत नेतात. प्रीगाबालिन असेल तर २५ मिलिग्रॅमपासून, तेही डायलिसिसनंतर. वडिलांच्या बाबतीतली चांगली गोष्ट अशी की एक-दोन डायलिसिसमध्ये जास्तीचं औषध निघून जातं.

या औषधाला नाव ठेवू नका. खाजेवर आज सहज मिळणाऱ्या गोळ्यांत सर्वांत भरवशाचं तेच आहे, आणि पायांच्या मुंग्यांनाही त्याचाच उपयोग होतो, वेगळी गोळी लागत नाही. पहिल्या डोसच्या रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुचाकी चालवू देऊ नका. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी किंवा दारू यांच्याबरोबर ते घेतलं तर श्वास मंदावू शकतो. आणि औषधांची यादी एकाच कागदावर, खिशात. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं की आधी तो कागद पुढे करायचा.

प्रश्न : घरी असताना मला खाज नसते. डायलिसिस सुरू झालं की दहा मिनिटांत सगळं अंग खाजायला लागतं, कधी गांधी उठतात. इंजेक्शन देतात, मग बरं वाटतं. (पनवेल)

उत्तर : ही किडनीची खाज नव्हे, ही अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया आहे, आणि हे हलक्यात घेण्यासारखं नाही. मशीनवर गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खाज, गांधी, खोकला, छातीत आवळणं किंवा फिश्चुलाच्या जागी गरम वाटणं, यांतलं काहीही झालं की टेक्निशियनला लगेच हाक मारा. तीव्र प्रतिक्रियेत पंप थांबवतात आणि नळ्यांतलं रक्त परत देत नाहीत.

टेक्निशियनला चार गोष्टी विचारा. डायलायझर, म्हणजे मशीनला लावलेली रक्ताची गाळणी, कशाने निर्जंतुक केलेला आहे? एथिलीन ऑक्साइड असेल तर वाफेने किंवा गॅमा किरणांनी केलेला मागता येतो. नवीन डायलायझरच्या दिवशीच त्रास होतो, की धुऊन पुन्हा वापरलेल्या दिवशी? पुन्हा वापरलेल्याचा असेल तर आतलं रसायन सलाइनने पुरतं धुतलं गेलं नसावं. हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, बदललं का? लोहाचं इंजेक्शन त्याच वेळी देतात का? हातापुरतीच खाज असेल तर पट्टीचा चिकटपणा किंवा जागा पुसायचं औषध यांच्यावर संशय घ्या. कागदी पट्टी आणि दुसरं द्रावण वापरून कळतं. कारण न शोधता दर वेळी इंजेक्शन घेत राहणं म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावण्यासारखं आहे.

प्रश्न : आईला डायलिसिस आणि खाज, दोन्ही जुनं. पण आता मला आणि माझ्या मुलालाही रात्री खाज येते. किडनीचा आजार लागण होण्यासारखा असतो का? (जालना)

उत्तर : किडनीचा आजार नाही, खरूज लागते. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर, बेंबीभोवती बारीक पुटकुळ्या आहेत का पाहा आणि तिघंही त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सहसा परमेथ्रिन ५ टक्के क्रीम देतात. घरातल्या सर्वांनी, खाज असो नसो, एकाच रात्री, मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत लावायचं, आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. मधे हात धुतले तर हातांना परत लावायचं. चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा. आईचं प्रकरण ‘किडनीचंच’ म्हणून दुर्लक्षित राहतं आणि सगळ्या घराला प्रसाद मिळतो.

जांघेत, कमरेवर कडा उचललेलं गोल चकंदळ असेल तर तो नायटा. त्यावर दुकानातलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतो.

प्रश्न : क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.८ आहे, डायलिसिस नाही. अंग खाजतं. किडनी गेली समजायची का? (बेळगाव)

उत्तर : नाही. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यातही किडनीची खाज असू शकते, पण १.८ ला आधी इतर कारणं तपासायची : साधा कोरडेपणा, साखर, थायरॉइड, लिव्हर, लोह आणि चालू औषधं. युरिक अ‍ॅसिडसाठी नुकतंच अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू झालं असेल आणि खाजेबरोबर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : रक्तशुद्धीसाठी गुळवेलीचा काढा आणि कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, दोन्ही सुरू करू का? (सातारा)

उत्तर : पाल्याच्या कोमट पाण्याने कधीमधी आंघोळ केलीत तर बिघडत नाही, मात्र नंतर मलम हवंच, नाहीतर कोरडेपणा वाढतो. काढा नको. काढ्यातून पोटॅशियम किती जातं याचा हिशोब कुणीच देत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आणि लिव्हर बिघडली की कावीळ स्वतःच खाज आणते. भस्मं तर घेऊच नका. काहींत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

थंडावा हवा असेल तर मेंथॉलचं लोशन फ्रिजमध्ये ठेवून लावा, किंवा ओल्या सुती पंचाची घडी दहा मिनिटं ठेवा. नखं दर तीन दिवसांनी कापा. हात खाजेकडे गेलाच तर नखं न लावता तळहाताने दाबा किंवा थोपटा. हे बोलणं सोपं आहे हे ठाऊक आहे. झोपेत हात ऐकत नाही, त्यासाठी सुती हातमोजे.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे यावर खास इंजेक्शन आहे. इथे गॅबापेंटिनने मला निम्माच फरक पडला. पुढे काय? आणि किडनी बदलल्यावर खाज जाते का? (पुणे)

उत्तर : भाचा म्हणतो ते डिफेलिकेफालिन. वर सांगितलेल्या खाज दाबणाऱ्या गटासारखं ते काम करतं. वजनाच्या किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, दर डायलिसिसच्या शेवटी शिरेतून देतात. अमेरिकेत २०२१ च्या ऑगस्टमध्ये आणि युरोपात २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. जपानात त्याच जातीचं नाल्फ्युराफिन २००९ पासून तोंडाने देतात. दोन्हींबद्दल तुमच्या किडनीच्या डॉक्टरांशी बोला. भाच्याकडून परस्पर मागवू नका.

इथे हाताशी असलेला पुढचा उपाय म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी, अतिनील किरणांच्या प्रकाशाची पेटी. त्वचारोग विभाग असलेल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ती असते. आठवड्यातून तीनदा, काही मिनिटांपासून सुरुवात, काही आठवडे. डोळ्यांना चष्मा लागतो, आणि त्या दिवशी पेटीत जाण्यापूर्वी जाड मलम लावायचं नाही, कारण ते किरण अडवतं. अडचण वेळेची आहे : तीन दिवस डायलिसिस आणि तीन दिवस पेटी म्हणजे आठवडा संपला. डायलिसिसच्याच दिवशी, त्याच आवारात जमत असेल तरच हे टिकतं. सर्ट्रालिन ही मनाच्या आजाराची गोळी काहींना खाजेवर उपयोगी पडते. डॉक्टरांनी ती लिहिली तर ‘मला वेडा ठरवलं’ असं समजू नका.

यशस्वी प्रत्यारोपणानंतर बहुतेकांची खाज जाते. पण प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर ते प्रकाशाच्या पेटीआधी त्वचेच्या डॉक्टरांना सांगा. नंतर आयुष्यभर घ्यायच्या गोळ्यांनी कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून किरणांचा हिशोब त्यांना आधीपासून ठेवावा लागतो. आणि नव्या किडनीनंतर खाज पुन्हा सुरू झाली, तर खरूज नाही ना, यासाठी आधी बोटांच्या बेचक्या बघा.